मे महिन्यात पाणी कोण घालणार? कॉलनीत सामायिक भाजीबाग उभी करताना

कोल्हापुरात झाड लावायला माणसं कमी पडत नाहीत. जूनचा पहिला पाऊस पडला की तालीम, मंडळ, शाळा, बचत गट सगळे कुदळी घेऊन बाहेर पडतात. एका रोपाला सहाजण हात लावून माती लोटतात, फोटो निघतो, चहा-भडंग होतं. पुढच्या मे महिन्यात त्याच जागेवर जाऊन बघा. कुंपणाच्या चार काठ्या उभ्या दिसतील, एखाद्या काठीवर टॉवेल वाळत असेल.

आम्हीही पहिल्या वर्षी तेच केलं. कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये जूनमध्ये भाजी लावली, दिवाळीपर्यंत भरपूर खाल्ली, आणि एप्रिलमध्ये नळाची किल्ली ज्या काकांकडे होती ते गावच्या म्हाईला, म्हणजे जत्रेला, गेले. म्हाईनंतर तिथूनच पुढे लग्नाला. नऊ दिवसांनी आले तोवर वांग्यांची नुसती काटक्यांची रांग उरली होती. दोष काकांचा नव्हता. दुसरी किल्ली करून घ्यायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

तेव्हापासून बागेचा विचार मी मे महिन्यापासून उलटा करतो. सुट्टी, लग्नसराई, जोतिबाची चैत्र यात्रा, गावोगावच्या यात्रा हे सगळं नेमकं उन्हाच्या तडाख्यात येतं. त्या आठ आठवड्यांत रोज सकाळी बागेत कोण येणार, याचं उत्तर माणसांच्या नावानिशी देता आलं, तरच पुढचं वाचा.

आधी माणसं, मग जागा

सुरुवातीला दहा ते बारा घरं पुरेत. पन्नास घरांची सभा बोलावू नका, तिथं भाषणं होतात. संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या चार जणांना आणि भाजीच्या हातगाडीवर रोज घासाघीस करणाऱ्या चार बायकांना गाठा. दुसऱ्या गटाला भाजीतलं खरोखर कळतं. आमच्या बागेत पेरणीचं शेवटचं मत एका आजींचं असतं. त्यांनी पन्नास वर्षं शेतात काढली आणि आता मुलाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात. बाग नसती तर आम्हाला त्यांचं नावही कळलं नसतं.

भागातल्या तालमीला किंवा मंडळाला पहिल्याच दिवशी सांगा. परवानगी म्हणून नव्हे, मान म्हणून. कोल्हापूरच्या पेठांत तालीम म्हणजे नुसता आखाडा नसतो, भागातला शब्द तिथं चालतो. "आमच्या पोरांना विचारलं नाही" हे वाक्य एकदा उठलं की कुंपण रात्रीत हलतं. विचारलं, तर तीच पोरं एका रविवारी अर्धी जागा साफ करून देतात. वर "काय भावा, एवढंच होतं?" म्हणून निघून जातात.

वाफे सामायिक ठेवायचे की घरागणिक वाटायचे, यावर आमच्याकडे तीन बैठका झाल्या. माझं मत आता पक्कं आहे: वाफा घराच्या नावावर, कुंपणाकडेची झाडं, कंपोस्ट आणि पाणी सगळ्यांचं. जे सगळ्यांचं असतं त्याला पाणी घालायला कुणीच येत नाही, आणि जे फक्त आपलं असतं त्यापलीकडचं तण कुणी काढत नाही. म्हणून दोन्ही हवं.

जागा कशी बघायची

मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडलेली असते, तीच आपली ओपन स्पेस. शहरात असली तर बहुधा ती महापालिकेकडे आलेली असते, नाहीतर अजून मूळ मालकाच्या किंवा सोसायटीच्या नावावर असते. कोण काय सांगतंय यावर जाऊ नका. सिटी सर्व्हेच्या हद्दीत प्रॉपर्टी कार्ड काढा, बाहेर असेल तर सातबारा. नाव ज्याचं, त्याच्याकडूनच लेखी घ्यायचं. महापालिकेची जागा असेल तर अर्जाला हाताने काढलेला नकाशा जोडा, त्यात वाफे, टाकी आणि फाटक दाखवा. 'पक्कं बांधकाम करणार नाही' हे वाक्य अर्जात घालाच, निम्म्या शंका तिथंच मिटतात. अर्जाच्या पोहोच प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. आमचा पहिला अर्ज एका कार्यालयात असा गडप झाला की तो दिला होता हे आम्हालाच खोटं वाटायला लागलं.

खासगी रिकामा प्लॉट मिळाला तर अकरा महिन्यांचा करार करा, आणि मालकाला जागा परत हवी झाली तर उभं पीक निघेपर्यंतची मुदत त्यात लिहून घ्या.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे पूररेषा, पुराचं पाणी कुठवर येतं ती नकाशावरची हद्द. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा तेच. निळ्या पूररेषेच्या आतली, नदीकडची जागा फुकट मिळते म्हणून नाचू नका. घ्यायचीच असेल तर फक्त ऑक्टोबर ते मेची बाग समजून घ्या. तिथं टाकी, शेड, महागडं कुंपण असं काही गुंतवू नका.

ऊन बघायला डिसेंबरचा दिवस बरा. सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि शेजारच्या इमारतीची सावली लांबवर येते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला जाऊन उन्हाची हद्द चुन्याने आखा. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी यांना किमान सहा तास ऊन हवं. मेथी, पालक, कोथिंबीर तीन-चार तासांवरही भागवतात. शेवगा, पपई, केळ अशी उंच झाडं उत्तरेच्या कडेला लावा, दक्षिणेला लावलीत तर हिवाळाभर वाफ्यांवर सावली राहील.

आणि जागा लहान घ्या. दोन गुंठे, म्हणजे सुमारे २,१७८ चौरस फूट. वीस वाफे, कंपोस्टचे दोन ढीग, टाकी आणि बसायला एक बाक यात आरामात मावतात.

पाण्याचा हिशेब

चार फूट रुंद, दहा फूट लांब वाफा धरा. असे वीस म्हणजे ८०० चौरस फूट, साधारण ७५ चौरस मीटर. उन्हाळ्यात भाजीला चौरस मीटरला रोज पाच ते सात लिटर पाणी लागतं. म्हणजे मे महिन्यात दिवसाला जवळजवळ ५०० लिटर. पंधरा लिटरच्या तेहतीस बादल्या. नळ शंभर फुटांवर असेल तर एकेका बादलीने येऊन-जाऊन दोन किलोमीटर चाल झाली. हे गणित कागदावर मांडून बैठकीत दाखवा. उत्साहाने वर आलेले अर्धे हात खाली येतील. जे वर राहतील ती तुमची माणसं.

पिण्याचं पाणी बागेला वापरलं की भांडण ठरलेलं, आणि ते रास्तही आहे. जुन्या पेठांत वापरात नसलेल्या विहिरी आहेत, नव्या कॉलन्यांत बोअर असतं. बोअरचं पाणी आधी तपासून घ्या, खारं असेल तर माती दोन वर्षांत पांढरी पडते. छपरावरच्या पावसाच्या पाण्याबद्दल लोक फार स्वप्नं बघतात. हजार चौरस फूट स्लॅबवर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर ९०० लिटरच्या आसपास पाणी मिळतं, हे खरं. पण आपला पाऊस ऑक्टोबरात संपतो, आणि मेपर्यंत पुरेल एवढी टाकी बांधायला कुणाकडे पैसे नसतात. ते पाणी बोअरमध्ये किंवा विहिरीत मुरवा.

हजार लिटरची टाकी पाच-सहा फूट उंचीवर ठेवा. तिथून १६ मिलिमीटरच्या ठिबक नळ्या, वाफ्याला तीन. मोटरशिवाय एवढ्या उंचीचा दाब कमीच पडतो, म्हणून नळ्या लांबच लांब टाकू नका आणि फिल्टर आठवड्याला धुवा. टाकीचं झाकण घट्ट हवं, वरून कापड बांधलं तर उत्तम. बागेमुळे डेंग्यू आला असं एकदा कुणी म्हणालं की खुलासा करत बसायला लागतं.

शिवाय दोन इंच पाचटाचं आच्छादन. उसाच्या मुलखात राहून वाफा उघडा ठेवणं म्हणजे करंटेपणा. तोडणीच्या हंगामात ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन-चार भारे आणा. नाहीतरी अनेकजण ते पेटवतातच. मेमध्ये आच्छादनाखाली हात घालून बघा, वर भाजणारी माती आत गार लागते.

माती: खोदल्याशिवाय कळत नाही

शहरातल्या मोकळ्या जागेत मातीपेक्षा राडारोडा जास्त असतो. तीन ठिकाणी दीड फुटाचे खड्डे घ्या. विटांचे तुकडे, चुना, काच काय निघतंय ते बघा. खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर निचरा वाईट आहे, आणि काळ्या मातीत तसं बहुतेकदा असतंच. मग उंच वाफ्याशिवाय इलाज नाही.

माती तपासायला द्यायची तर आठ-दहा जागांवरून, इंग्रजी व्ही आकाराचा सहा ते आठ इंच खड्डा करून, कडेची माती खरवडून घ्या. झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची नको. सगळी मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. अहवालात तीन आकडे बघा: सामू (पीएच), क्षारता (मिठाचं प्रमाण), सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश). सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असेल तर निवांत राहा. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर बाकी सगळं सोडून कंपोस्टच्या मागे लागा. शेंडा पार्कातल्या कृषी संशोधन केंद्रात किंवा कणेरीच्या कृषी विज्ञान केंद्रात अहवाल घेऊन गेलात तर समजावून सांगणारं कुणीतरी भेटतं. कणेरीला एकदा सगळ्यांना घेऊनच जा. एकाच तुकड्यात किती प्रकारची पिकं बसतात ते डोळ्यांनी पाहिलं की पुढची बैठक लवकर संपते.

वाफे एक फूट उंच करायला बाहेरून माती आणायची म्हटलं तर आठशे घनफूट, म्हणजे आठ ब्रास लागते. एवढी माती आणू नका. मधल्या दोन फुटी वाटा सहा इंच खोदा आणि ती माती वाफ्यावर चढवा. वाटेत मुरूम पसरा. वाफ्यांना जांभ्या चिऱ्याची कड लावली तर वर्षानुवर्षं टिकते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन वाफे दोन फूट उंच करा, कडेवर बसून काम करता येतं. वाफा चार फुटांपेक्षा रुंद नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. नाहीतर पोरं वाफ्यात पाय देतात आणि मोठी माणसंही.

त्यावर दोन इंच चांगलं कुजलेलं खत म्हणजे सव्वा ब्रासच्या पुढे. 'कुजलेलं' या शब्दावर मी अडून बसतो, कारण दुसऱ्या वर्षी आम्ही स्वस्तात मिळालं म्हणून ओलं, गरम शेणखत ट्रॉलीभर टाकलं. ऑगस्टमध्ये चांगली गुडघाभर वांगी एकामागून एक माना टाकायला लागली. पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी घातलं. शेवटी आजींनी एक रोप धरून नुसतं वर उचललं, ते अलगद हातात आलं. खाली मूळच नव्हतं. खुरप्याने माती बाजूला केली तर अर्धगोल वळलेली, पांढरी, डोकं तपकिरी, बोटाएवढी जाड अळी. "हुमणी हाय ही. शेणातनं आणलीसा," एवढंच त्या बोलल्या.

उसाच्या पट्ट्यात हुमणी काय करते हे सांगायला नको. चांगल्या खताला वास येत नाही, मुठीत दाबलं तर भुसभुशीत होऊन सुटतं, आणि ढिगात हात घातला तर गरम लागत नाही. साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, मिळाली तरी हीच परीक्षा घ्या, ताजी मळी आत तापते आणि मुळं भाजतात. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुनिंब, बाभळीवर हुमणीचे भुंगेरे बसतात. फांद्या हलवून खाली पाडून गोळा करा, पोरांना हे काम फार आवडतं.

कंपोस्टचा ढीग तीन फूट लांब, रुंद, उंच. त्याहून लहान ढीग तापत नाही. एक घमेलं ओला कचरा, तीन घमेली वाळका पाला, वर मूठभर जुनी माती. दर आठवड्याला उलथा. वास आला तर ओलं जास्त झालंय, पाला घाला. सव्वादोन-तीन महिन्यांत खत तयार होतं. शिजलेलं, मटणाची हाडं, तेलकट काही नको. हे कोल्हापुरात तीनदा सांगावं लागतं, विशेषतः रविवारनंतर.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पातळ खत, करायचं तर २०० लिटरचा पिंप भरायची गरज नाही. वीस लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळा, तिसऱ्या दिवशी वापरा. गूळ काळा, हलक्या प्रतीचा चालतो. आमच्यातले एकजण चांगला पिवळाधमक गूळ घेऊन आले होते, तो चहाबरोबर संपला.

पहिली पेरणी दसऱ्याला

जूनचा मोह टाळा. इथल्या पावसात नवखा माणूस पालेभाजी लावतो, ती आठ दिवसांत कुजते आणि तो परत येत नाही. पावसाळ्यात कुंपण, वाटा, कंपोस्ट ही कामं उरका आणि दसऱ्याच्या सुमारास पेरा. हवा मऊ, पाणी मुबलक, कीड कमी.

पहिलं पीक सगळ्यांनी एकच घ्या: मेथी. पंचवीस-तीस दिवसांत पेंडी हातात येते. महिनाभरात स्वतःच्या वाफ्यातली मेथीची पेंडी घरी नेली की माणूस बागेचा होतो. सोबत मुळा, पालक, कोथिंबीर, शेपू. कोथिंबिरीचे धणे अख्खे टाकू नका. फरशीवर पसरून चपलेखाली हलके रगडायचे, एका धण्याचे दोन भाग झाले पाहिजेत, पीठ नको. आजी यासाठी घरातली जुनी कोल्हापुरी वहाण पिशवीतून घेऊन येतात, रबरी चपलेनं जमत नाही म्हणतात. मग रात्रभर पाण्यात, सकाळी सावलीत निथळून, कोरड्या मातीत मिसळून पेरायचे. दहा-बारा दिवस काही दिसत नाही. त्या दिवसांत वाफा उकरून बघणाऱ्यांना आवरा.

वांगी, टोमॅटो, मिरचीची रोपं चार-पाच आठवड्यांची झाल्यावर वाफ्यात लावा, वांग्यांत दोन फुटांचं अंतर ठेवा. लावताना ते अंतर हास्यास्पद वाटतं, जानेवारीत कळतं. जूनमध्ये भेंडी, गवार आणि मांडवावर दोडका, कारलं, काकडी. पाणी साठतं तिथं अळू. झेंडू जुलैत लावला तर दसऱ्याच्या तोरणाला घरची फुलं होतात, शिवाय मुळांवरच्या सूत्रकृमींना तो आवरतो.

मावा, तुडतुडे दिसले की पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवा, गाळून दहा लिटर करा, थोडा साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. वांग्याचा शेंडा वाळलेला दिसला की तो खाली दोन बोटं कापून अळीसकट बागेबाहेर. पावसात गोगलगायी येतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं बारदान रात्री वाटेत टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात बुडवा. हात लावताना पिशवी घाला.

पुराचं पाणी वाफ्यात शिरलं तर उभं पीक खाऊ नका, धुऊनही नाही. नदीचा गाळ कसदार असतो हे शेतात खरं, शहरात त्याबरोबर गटारही येतं. माती वाळू द्या, उन्हात उलथा, झेंडू किंवा ताग घ्या, आणि कच्चं खायच्या भाज्या पुढचे तीन-चार महिने तरी टाळा.

किल्ली, वही आणि फाटकाजवळचा वाफा

किल्ल्या तीन. तीन वेगळ्या घरांत, त्यातलं एक घर असं की जिथे कायम कुणीतरी असतं. मेची पाणीपाळी मार्चमध्येच लिहून फाटकावर लावा, प्रत्येक दिवसाला दोन नावं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "मी बघतो" म्हणणारे तिघे असले की वाफ्याजवळ एकही नसतो, म्हणून कागदच.

वर्गणी महिन्याला वाफ्यामागे ठरवा, थोडी ठेवा पण सगळ्यांकडून घ्या, फुकट कुणाला नाही. जमाखर्चाची वही बाकावर उघडी ठेवा. पहिल्या वर्षी संस्था नोंदवायच्या नादाला लागू नका. बाग टिकली आणि निधी मागायची वेळ आली की किमान सात सभासद जमवून धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा. वाफा तीन आठवडे उजाड राहिला तर प्रतीक्षा यादीतल्या घराला द्यायचा, हा नियम पहिल्या बैठकीतच लिहून सह्या घ्या. नंतर लिहिला की तो कुणाच्या तरी विरोधात वाटतो.

चोरी होणार. आम्ही कुंपण उंच केलं, बोर्ड लावला, काही उपयोग झाला नाही. मग फाटकाबाहेर रस्त्याकडेला एक वाफा केला: कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओवा, पोकळा. 'लागेल तेवढं न्या' असं लिहिलं. आतली चोरी थांबली नाही, पण बरीच कमी झाली. सकाळी फिरायला जाणारे एक मामा तिथून गवती चहा नेतात आणि त्या बदल्यात न सांगता पाण्याची एक बादली घालून जातात.

वाढवायचं कधी

बागेने दोन मे महिने काढले आणि यादीत पाच-सहा घरं वाट बघत असतील, तेव्हाच. त्यातही आहे ती बाग मोठी करण्यापेक्षा दुसरी ओपन स्पेस शोधा. वीसच्या वर वाफे झाले की कोण कुणाचं ते आठवत नाही. नव्या जागेला पैसे देण्यापेक्षा रोपं, एक घमेलं जिवंत कंपोस्ट आणि बी द्या.

बी धरायला देशी वाणाचं वांगं सोपं. वाफ्यातलं सगळ्यात चांगलं झाड निवडून त्यावरची दोन फळं सुतळी बांधून राखा, नाहीतर कुणीतरी भरल्या वांग्याला नेणार. फळ पिवळं पडून मऊ झालं की पाण्यात कुस्करा. जड बी तळाला बसतं, ते घ्या, तरंगणारं टाका. सावलीत ताटलीवर वाळवा, कागदावर नको, चिकटतं. चुलीची राख लावून काचेच्या बाटलीत भरा आणि वर वाण, महिना, वर्ष आणि वाफ्याचा नंबर लिहा. नुसतं 'वांगी' लिहिलेल्या आमच्याकडे चार बाटल्या आहेत, त्यातल्या एकीत मिरची निघाली.